एकाच आज्ञेची अनेक रूपं: असेम्बलरांच्या वाक्यरचनेचा आढावा

बी८ ०५ ०० ०० ००. इंटेल घराण्यातल्या ३२ बिटी प्रोसेसरला हे पाच बाइट मिळाले की ईएएक्स या रजिस्टरमध्ये ५ हा आकडा जातो. प्रोसेसरला याहून अधिक काही लागत नाही. हे पाच बाइट तयार करून घेण्यासाठी माणसाने काय लिहायचं, यावर मात्र कित्येक दशकं एकमत झालेलं नाही. मॅसम किंवा नॅसम वापरणारा असं लिहितो (या लेखात आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत):

मूव्ह ईएएक्स, ५

युनिक्सच्या परंपरेतला ग्नू असेम्बलर, म्हणजे गॅस, वापरणारा असं लिहितो:

मूव्हएल $५, %ईएएक्स

आणि गो भाषेच्या असेम्बलरमध्ये तीच आज्ञा अशी होते:

मूव्हएल $५, एएक्स

तिन्ही ओळींतून निघणारे बाइट तेच. असेम्ब्ली शिकवताना ‘एका आज्ञेला एक निमॉनिक’, म्हणजे एक लघुनाव, असं सांगितलं जातं आणि ऐकणारा समजून चालतो की प्रोसेसर ठरला म्हणजे भाषाही ठरली. प्रत्यक्षात असेम्ब्ली ही प्रोसेसरची भाषा नसतेच. ती त्या त्या असेम्बलरची भाषा असते. प्रोसेसर बनवणारी कंपनी आपल्या मॅन्युअलमध्ये एक लेखनपद्धत देते, पण ती पाळण्याचं बंधन कुणावर नसतं.

हे फरक कुठून आले, त्यांतले कोणते नुसते डोळ्यांना खटकतात आणि कोणते चालता प्रोग्रॅम बिघडवतात, ते इथे पाहायचं आहे. माझं मत आधीच मांडतो. सगळ्यांत जास्त वाद ज्या फरकावर झाला, म्हणजे आधी मूळ (माहिती कुठून येते) लिहायचं की आधी मुक्काम (ती कुठे जाते), तो फरक सगळ्यांत कमी घातक आहे. असेम्बलरची खरी परीक्षा वेगळी आहे: एखादी ओळ, फक्त तेवढीच ओळ वाचून, ती मेमरीला हात लावते की नाही हे कळतं का? ही कसोटी लावली की असेम्बलरांची रूढ विभागणी मोडते आणि नवी दिसू लागते.

सुरुवात ८०८० पासून करू, कारण महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांनी त्याच्याच धाकट्या भावावर, ८०८५ वर, पहिला एएलपी, म्हणजे असेम्ब्ली भाषेतला प्रोग्रॅम, लिहिला. इंटेलचा ८०८० आला १९७४ मध्ये आणि ८०८५ आला १९७६ मध्ये. या घराण्यात माहिती हलवण्यासाठी एक शब्द नाही, शब्दांचं अख्खं कुटुंब आहे. रजिस्टरमधून रजिस्टरमध्ये न्यायचं तर मूव्ह, थेट आकडा भरायचा तर एमव्हीआय, रजिस्टरच्या जोडीत सोळा बिटी आकडा भरायचा तर एलएक्सआय, मेमरीतून आणायचं तर एलडीए, ठेवायचं तर एसटीए, जोडीच्या बाबतीत एलएचएलडी आणि एसएचएलडी, शिवाय एलडीएएक्स आणि एसटीएएक्स. पाठ करणाऱ्याला हा जाच वाटतो. पण यात एक मोठा गुण आहे. ‘एलएक्सआय एच, २०५०एच’ म्हणजे एच-एल जोडीत २०५०एच हा आकडा भरा. ‘एलएचएलडी २०५०एच’ म्हणजे २०५०एच या पत्त्यावर जे आहे ते जोडीत आणा. आकडा की पत्ता, हा प्रश्न आज्ञेच्या नावातच सुटलेला असतो. हेक्स कीपॅडच्या किटवर हाताने ऑपकोड शोधून भरणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्यात गफलत करायला वाव नव्हता.

इंटेल सोडून बाहेर पडलेल्या फेडेरिको फाजिन यांच्या झायलॉग कंपनीने १९७६ मध्ये झेड८० आणला. ८०८० साठी तयार झालेला यंत्रसंकेत झेड८० वर चालत होता, मात्र निमॉनिक वेगळे ठेवले गेले, कारण आपले निमॉनिक हे आपलं स्वामित्व आहे अशी इंटेलची भूमिका होती. झायलॉगने मग त्या अख्ख्या कुटुंबाच्या जागी ‘एलडी’ हा एकच शब्द आणला आणि फरक दाखवायचं काम कंसाकडे दिलं. ‘एलडी एचएल, २०५०एच’ म्हणजे आकडा भरा. ‘एलडी एचएल, (२०५०एच)’ म्हणजे त्या पत्त्यावरचं आणा. नावातली माहिती ऑपरंडमध्ये सरकली, पण हरवली नाही. दोन्ही पद्धती आपल्या कसोटीला उतरतात.

या दोन लिपींत फिरताना पाय घसरतो तो दुसरीकडे. ८०८० मध्ये ‘जेपी’ म्हणजे उत्तर ऋण नसेल तरच उडी. झेड८० मध्ये ‘जेपी’ म्हणजे बिनशर्त उडी. ‘जेपी लूप’ ही ओळ दोन्हीकडे निर्दोष ठरते, असेम्बलर हूं की चूं करत नाही, आणि बाइट मात्र एकीकडे एफ२ तर दुसरीकडे सी३ निघतो. ‘सीपी’चंही तसंच. तिकडे ती सशर्त कॉल आहे, इकडे तुलना. शब्द अनोळखी असला तर माणूस मॅन्युअल उघडतो. शब्द ओळखीचा असून अर्थ बदललेला असला तर तो मॅन्युअल उघडत नाही.

१९७८ मध्ये ८०८६ आला तेव्हा इंटेलने स्वतःच जुनी पद्धत सोडली. आता सगळीकडे ‘मूव्ह’, आणि मेमरीसाठी चौकटी कंस. इथवर झायलॉगसारखंच. पण इंटेलच्या ८०८६ साठीच्या असेम्बलरने आणखी एक पाऊल टाकलं: त्याने चलांचे प्रकार लक्षात ठेवायला सुरुवात केली. १९८१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या मॅसमनेही तीच वाट धरली, आणि आयबीएम पीसीबरोबर ती जगभर गेली. मॅसममध्ये ‘काउंट’ नावाचं चल दोन बाइटचं आहे असं वर जाहीर केलं, की खाली ‘मूव्ह एएक्स, काउंट’ लिहिताच त्यातला मजकूर एएक्समध्ये येतो. कंस लागत नाही. पत्ता हवा असेल तर ‘मूव्ह एएक्स, ऑफसेट काउंट’ लिहायचं.

लिहिणाऱ्याला हे सोयीचं आहे. आता वाचणाऱ्याकडून पाहा. वर ‘काउंट’ हे चल नसून ‘काउंट ईक्यूयू ५’ असा नुसता स्थिरांक असेल, तर ‘मूव्ह एएक्स, काउंट’ ही अक्षरशः तीच ओळ एएक्समध्ये ५ भरते आणि मेमरीकडे ढुंकूनही पाहत नाही. ओळ एक, आज्ञा दोन. कोणती ते ठरतं शेकडो ओळी वर किंवा दुसऱ्याच फायलीत असलेल्या घोषणेवरून. ज्या भाषेत माणूस एकेक बाइट आणि एकेक मेमरी-फेरी मोजायला बसतो, तिथेच मेमरीची फेरी झाकली जाते. मॅसमच्या कंसांचा अर्थही पक्का नाही: ‘मूव्ह ईएएक्स, [५]’ असं लिहिलं तरी तो कंस सोडून देतो आणि ५ हा आकडाच भरतो. मॅसमने बाकी पुष्कळ चांगलं दिलं. प्रोसीजर नीट बांधण्याची सोय आणि ६ व्या आवृत्तीपासूनचे ‘.इफ’, ‘.व्हाइल’, ‘इन्व्होक’ यांनी विंडोजवर असेम्ब्ली लिहिणाऱ्यांचे कष्ट खरोखर कमी केले. पण या एका बाबतीत त्याने घेतलेला निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि पुढच्या असेम्बलरकर्त्यांनाही तो तसाच वाटला.

बोरलँडचा टॅसम १९८८ मध्ये आला. मॅसमचं लेखन तो जसंच्या तसं स्वीकारत होता, पण त्यात ‘आयडियल’ नावाची दुसरी तऱ्हाही होती, आणि ती मेमरीसाठी कंसांचा आग्रह धरायची. आपल्याकडच्या वर्गांत टॅसम पोहोचला, आयडियल तऱ्हा मात्र फारशी कुणी उघडली नाही. तो आग्रह नियमाच्या रूपाने रुजला तो १९९६ मध्ये, सायमन टॅथम आणि ज्युलियन हॉल यांच्या नॅसममध्ये. टॅथम म्हणजे पुढे पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम लिहिणारे तेच. नॅसमचा नियम एका वाक्याचा आहे: मेमरीतला मजकूर हवा तर कंस, नाहीतर नाही. ‘मूव्ह ईएएक्स, काउंट’ म्हणजे पत्ता, ‘मूव्ह ईएएक्स, [काउंट]’ म्हणजे मजकूर. ‘ऑफसेट’ या शब्दाची गरजच उरली नाही. आणि नॅसम चलाचा प्रकार मुद्दाम विसरतो, त्यामुळे ‘मूव्ह [काउंट], २’ एवढं लिहिलं तर किती बाइट लिहायचे ते विचारून तो अडतो. ‘मूव्ह वर्ड [काउंट], २’ असं स्पष्ट लिहावं लागतं. चार अक्षरं जास्त टाइप करण्याच्या बदल्यात प्रत्येक ओळ स्वतःपुरती पुरी होते. पोलंडच्या तोमाश ग्रिश्तार यांचा फॅसमही मेमरीच्या कंसांबद्दल याच बाजूचा. तो असेम्बलर स्वतः फॅसमच्याच भाषेत लिहिलेला आहे आणि स्वतःला असेम्बल करतो, त्यामुळे त्याचे नियम रोजच्या वापरात घासून निघाले आहेत.

आता दुसरी परंपरा, युनिक्स आणि गॅसची. तिची ए-टी-अँड-टी पद्धत म्हटली की टक्क्याची आणि डॉलरची चिन्हं डोळ्यांपुढे येतात आणि पुष्कळ जण तिथेच पाठ फिरवतात. ही चिन्हं आली कुठून? युनिक्सचं बालपण गेलं डेकच्या पीडीपी-११ या यंत्रावर. डेकच्या स्वतःच्या असेम्बलरमध्ये थेट आकड्यासाठी # आणि अप्रत्यक्ष पत्त्यासाठी @ ही चिन्हं होती, आणि क्रम होता आधी मूळ, मग मुक्काम. युनिक्सच्या त्या काळच्या टर्मिनलवर # म्हणजे मागचं अक्षर खोडा आणि @ म्हणजे अख्खी ओळ रद्द करा. ती चिन्हं टाइप करणं म्हणजे केलेलं काम पुसणं. म्हणून युनिक्सच्या असेम्बलरने # च्या जागी $ आणि @ च्या जागी * घेतलं. आज ६४ बिटी प्रोसेसरवर ‘कॉल *%आरएएक्स’ लिहिताना जो तारा येतो, तो त्या टेलिटाइपच्या दिवसांचा आहे. पुढे युनिक्स इंटेलच्या प्रोसेसरवर आलं तेव्हा इंटेलची पुस्तकी पद्धत न घेता ही घरची पद्धतच तिथे बसवली गेली.

टक्क्याच्या चिन्हामागेही कारण आहे. युनिक्समध्ये असेम्बलरचं मुख्य गिऱ्हाईक माणूस नव्हतं, सीचा कंपायलर होता. सीच्या प्रोग्रॅममध्ये कुणी चलाला ‘ईएएक्स’ हे नाव दिलं तर? पूर्वी कंपायलर प्रत्येक नावाआधी अधोरेखा जोडायचे, म्हणून टक्कर टळायची. ईएलएफ फायलींच्या काळात लिनक्सवर ती अधोरेखा गेली. रजिस्टरआधी टक्का असला की कोणतंही नाव निर्धास्त चालतं. गॅसमध्ये पुढे इंटेल तऱ्हा आली आणि जीसीसी या ग्नूच्या कंपायलरला त्या तऱ्हेत लिहायला सांगता येऊ लागलं, तेव्हा नेमकी हीच टक्कर परतली: रजिस्टरच्या किंवा ‘अँड’सारख्या ऑपरेटरच्या नावाचं जागतिक चल सीमध्ये असलं की असेम्बलर अडखळतो. म्हणून टक्क्याला कुरूप म्हणून निकाली काढणं मला पटत नाही. ते एका खऱ्या प्रश्नाचं साधं उत्तर आहे.

पत्त्याच्या लेखनात मात्र इंटेलची पद्धत उजवी. [ईबीएक्स + ईसीएक्स*४ + ८] ही बेरीज आहे आणि ती बेरजेसारखीच दिसते. त्याचंच दुसरं रूप ८(%ईबीएक्स, %ईसीएक्स, ४). यात काय कशाने गुणायचं ते जागेवरून ओळखावं लागतं. कंपायलरला फरक पडत नाही, माणसाला पडतो.

आणि आता आपली कसोटी. ए-टी-अँड-टी पद्धतीत ‘मूव्हएल $काउंट, %ईएएक्स’ म्हणजे पत्ता, ‘मूव्हएल काउंट, %ईएएक्स’ म्हणजे मजकूर. काउंट वर कसा जाहीर केला आहे याने काही बदलत नाही. डॉलर नाही म्हणजे मेमरी, इतका तो नियम कडक आहे: ‘मूव्हएल ५, %ईएएक्स’ लिहिलं तर तो ५ क्रमांकाच्या पत्त्यावरून चार बाइट आणायला जाईल आणि लिनक्सवर प्रोग्रॅम तिथेच कोसळेल. सवय व्हायच्या आधी ही चूक प्रत्येकाकडून होते. पण नियमात संदिग्धता नाही. नॅसममध्ये उघडं नाव म्हणजे आकडा आणि मेमरीवर खूण. इथे उघडं नाव म्हणजे मेमरी आणि आकड्यावर खूण. दिशा उलट, स्पष्टता तितकीच.

म्हणजे ओळीवरून मेमरी ओळखता येते का, या निकषावर नॅसम आणि ए-टी-अँड-टी एका बाजूला येतात आणि मॅसम दुसऱ्या. ‘इंटेल पद्धत विरुद्ध ए-टी-अँड-टी पद्धत’ ही सगळीकडे सांगितली जाणारी विभागणी नॅसमला मॅसमच्या पंगतीत बसवते, कारण दोघांचा क्रम एक आणि दोघांत टक्का नाही. दिसायला सारखे, पण स्वभावाने वेगळे. आणि म्हणूनच या दोघांमधली ये-जा सगळ्यांत फसवी आहे. गॅसची इंटेल तऱ्हा मॅसमच्या वळणावर गेली आहे: तिथे लेबलचं उघडं नाव म्हणजे मजकूर. नॅसमची ‘मूव्ह ईएएक्स, काउंट’ ही ओळ उचलून तिथे ठेवली तर ती बिनतक्रार असेम्बल होते आणि पत्त्याऐवजी मजकूर आणते. टक्के-डॉलरवाली ओळ चुकीच्या असेम्बलरला दिली तर तो पहिल्याच चिन्हावर थांबतो. आरडाओरड करणारा फरक सुरक्षित असतो.

ऑपरंडच्या क्रमाचा फरक सगळ्यांत कमी घातक असं मी का म्हटलं, ते आता सांगता येईल. टक्का दिसला की वाचणाऱ्याला त्याच क्षणी कळतं की इथे मूळ आधी आहे. क्रमाची घोषणा ओळीवरच असते. शिवाय ‘मुक्काम आधी’ म्हणणाऱ्या घराण्यांतही तो नियम कुणी पूर्ण पाळत नाही. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम/३६० मध्ये लोड आणि स्टोअर दोन्हींत रजिस्टर आधीच येतं, मग ते मूळ असो की मुक्काम. आर्मच्या ‘एसटीआर आर०, [आर१]’ मध्ये आणि रिस्क-फाइव्हच्या ‘एसडब्ल्यू ए०, ०(ए१)’ मध्ये माहिती डावीकडून उजवीकडे जाते, त्यांच्या बाकीच्या आज्ञांत उजवीकडून डावीकडे. त्याने कुणाचं अडलेलं नाही.

क्रम खरोखर सतावतो तो तुलनेत. ‘सीएमपीएल %ईएएक्स, %ईबीएक्स’ आणि खाली ‘जेजी पुढे’ असं असेल, तर उडी ईबीएक्स मोठा असताना बसते. डावीकडून वाचणारं मन उलट समजतं. गोच्या असेम्बलरने, जो बेल लॅब्जमधल्या प्लॅन ९ या प्रणालीचा वारसा आहे, यावर एक समंजस तोड काढली: बाकी सर्वत्र मूळ आधी ठेवलं, पण इंटेलसारख्या प्रोसेसरवर तुलनेच्या आज्ञेत इंटेलचाच क्रम घेतला, म्हणजे तुलना आणि खालची उडी एका दमात वाचता येतात. सुसंगतीचा हट्ट सोडून वाचणाऱ्याकडे पाहिलं, हे मला आवडतं.

ए-टी-अँड-टी परंपरेत एक जुनी जखमही आहे आणि ती आता भरणार नाही. फ्लोटिंग पॉइंट गणिताच्या जुन्या आज्ञांत, एफसब आणि एफसबआर, एफडिव्ह आणि एफडिव्हआर अशा जोड्या आहेत. एक अ वजा ब करते, दुसरी ब वजा अ. युनिक्सच्या मूळ असेम्बलरने काही रूपांत या जोड्यांची अदलाबदल केली. सीचे कंपायलर त्या चुकीवर विसंबून लिहिले गेले. ग्नू असेम्बलरच्या मॅन्युअलमध्ये हा दोष दोष म्हणूनच नोंदवलेला आहे, आणि जीसीसीच तसं लिहीत असल्यामुळे तो काढता येत नाही हेही तिथे म्हटलं आहे. ‘एंटर’ आणि ‘बाउंड’ या आज्ञांमध्ये क्रम उलटवलेलाच नाही, तोही अपवाद तिथे सापडतो. क्रम उलटवण्याचा नियम यांत्रिकपणे लावणारा कोणताही रूपांतरक प्रोग्रॅम या ठिकाणी हमखास चुकतो.

लिनक्सचा इतिहास या दोन परंपरांच्या शिवेवरच सुरू झाला. १९९१ च्या ०.०१ आवृत्तीत यंत्र सुरू करणारी फाइल मिनिक्सकडून आलेल्या एएस८६ च्या इंटेल वळणाच्या भाषेत आहे आणि तिच्याकडून सूत्रं घेणारी पुढची फाइल ग्नू असेम्बलरच्या भाषेत. त्या वेळचा गॅस १६ बिटी संकेत तयार करत नव्हता, म्हणून ही वाटणी. एकाच कर्नलच्या पहिल्या काही शे ओळींत वाचणाऱ्याला क्रम उलटा करावा लागे.

छोट्या खुणांचे फरक पुष्कळ आहेत. सगळे सांगण्यात अर्थ नाही, दोन सांगतो. मॅसम, नॅसममध्ये अर्धविरामानंतर शेरा असतो. इंटेल प्रोसेसरसाठीच्या गॅसमध्ये अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपून दुसरी सुरू, त्यामुळे शेरा आज्ञा म्हणून वाचला जातो. तिथे शेऱ्यासाठी # आहे. तोच गॅस ३२ बिटी आर्मसाठी वापरला तर शेऱ्याची खूण @ होते, कारण # तिथे आकड्यासाठी लागतं. दुसरी खूण षोडशमान आकड्यांची. ‘एच’ शेवटी लावण्याच्या पद्धतीत दहा हा आकडा ‘०एएच’ असा लिहायचा. पुढचं शून्य राहिलं तर उरतं ‘एएच’, आणि ते तर रजिस्टरचं नाव. ‘मूव्ह बीएल, एएच’ ही पूर्ण वैध आज्ञा आहे. असेम्बलरने तक्रार करायला जागाच नाही.

‘एका निमॉनिकला एक आज्ञा’ हे उलट बाजूनेही खरं नाही, याचंही एक उदाहरण. ‘मूव्ह ईएएक्स, ईबीएक्स’ चे बाइट ८९ डी८ असे होऊ शकतात आणि ८बी सी३ असेही. प्रोसेसरला दोन्ही सारखे. कोणते निवडायचे ते असेम्बलर ठरवतो. एरिक आयझॅकसन यांच्या ए८६ या शेअरवेअर असेम्बलरने या निवडींतून आपली छुपी सही तयार प्रोग्रॅममध्ये सोडली, म्हणजे पैसे न भरता कुणी वापरला ते ओळखता यावं.

सुधारणेचे प्रयत्नही झाले. १९८५ मध्ये आयट्रिपलईने मायक्रोप्रोसेसरच्या असेम्ब्ली भाषेसाठी ६९४ क्रमांकाचं मानक प्रसिद्ध केलं. सर्व प्रोसेसरांसाठी समान निमॉनिक, समान पत्ता-लेखन असा विचार. तो व्यवहारात रुजला नाही. मला याचं कारण उघड दिसतं: असेम्ब्ली लिहिणाऱ्याच्या एका हाताशी कायम उत्पादकाचं मॅन्युअल उघडं असतं, आणि त्या पानावरचं नाव सोडून तिसरं नाव वापरायला तो तयार होत नाही. जिथे उत्पादकाने स्वतः मनावर घेतलं, तिथे बदल झाला. आर्मने थंब-२ हा आज्ञासंच आणताना एकसंध असेम्ब्ली भाषा ठरवली. आधी ‘एलडीआरईक्यूबी’ लिहायचे, म्हणजे अट मध्ये आणि आकार शेवटी. आता ‘एलडीआरबीईक्यू’, अट नेहमी शेवटी. जुन्या थंब लेखनात ‘अ‍ॅड’ गुपचूप फ्लॅग बदलायचा. नव्या लेखनात फ्लॅग बदलायचे असतील तर ‘अ‍ॅडएस’ असं सांगावंच लागतं. झाकलेला परिणाम ओळीवर आणला, हा बदल मी कोणत्याही क्रमबदलापेक्षा मोठा मानतो. आर्मचा जुना स्वतःचा असेम्बलर लेबल पहिल्या रकान्यात आणि कोलनशिवाय मागायचा. नव्या कंपायलरबरोबर त्यांनीही ग्नूचं लेखन स्वीकारलं.

रिस्क-फाइव्हला पाटी कोरी मिळाली आणि तिथे हा प्रश्न पुन्हा नावाने सोडवला गेला. थेट आकडा भरायचा तर ‘एलआय’, पत्ता हवा तर ‘एलए’, मेमरीतला शब्द हवा तर ‘एलडब्ल्यू’. ८०८० च्या एलएक्सआय आणि एलएचएलडीची आठवण व्हावी असं हे वळण आहे. ८०८५ पाठ केलेल्या माणसाला रिस्क-फाइव्ह वाचताना परकेपणा वाटत नाही, याचं हे एक कारण.

आज इंटेल वळणाचं पारडं जड होत चाललं आहे. रस्टने फेब्रुवारी २०२२ मधल्या १.५९ आवृत्तीत भाषेच्या आत असेम्ब्ली लिहिण्याची पक्की सोय दिली, ती इंटेल पद्धत गृहीत धरून. ए-टी-अँड-टी हवी तर वेगळं सांगावं लागतं. चित्रफिती उलगडणाऱ्या एफएफएमपेग आणि डेव्हवनडी या प्रकल्पांत इंटेल वर्गातल्या प्रोसेसरांसाठी हाताने लिहिलेली असेम्ब्ली नॅसमच्या भाषेत आहे. दुसरीकडे लिनक्स कर्नलमधली असेम्ब्ली आणि जीसीसीचं मूळ उत्पादन ए-टी-अँड-टीच आहे, आणि लिनक्सवर ऑब्जडंप किंवा जीडीबी काही न सांगता उघडलं की तीच पद्धत दिसते. इंटेल हवी तर पर्याय द्यावा लागतो. दोन्ही वाचता येणं ही व्यवसायाची गरज आहे. लिहायला एक पुरेशी.

आपल्याकडच्या वर्गांत हा प्रश्न रोजचा आहे. ८०८६ चे धडे बरीच वर्षं मॅसम-टॅसमवर झाले, पुढे डॉसबॉक्समध्ये तेच चालू राहिलं. पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत ६४ बिटी लिनक्सवर नॅसम आला. पुस्तकं मात्र दोन्हीकडे फिरतात. मॅसमच्या पुस्तकातली ‘मूव्ह एएक्स, @डेटा’ ही ओळ नॅसम नाकारतो, ते बरंच आहे. विद्यार्थी विचारतो आणि उत्तर मिळतं. पण बिनकंसाची ‘मूव्ह ईएएक्स, काउंट’ नॅसम स्वीकारतो, लिंकर जोडतो, आणि बेरीज म्हणून पडद्यावर भलताच मोठा आकडा येतो, जो खरं तर पत्ता असतो. मुलं मग बेरजेच्या लूपमध्ये चूक शोधत बसतात. यात त्यांच्या आकलनाचा दोष नाही; त्यांना प्रोसेसर शिकवला गेला, असेम्बलर शिकवलाच गेला नाही.

यावर करण्यासारखं काम मोठं नाही. छापील एएलपीच्या डोक्यावर असेम्बलरचं नाव, त्याची आवृत्ती आणि तो चालवण्याची पूर्ण कमांड, या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. प्रश्नपत्रिकेत ‘एएलपी लिहा’ असं म्हणताना ‘नॅसमसाठी’ किंवा ‘मॅसमसाठी’ हा शब्द असलाच पाहिजे, कारण उत्तरपत्रिकेत कंस नसलेली ओळ एका असेम्बलरमध्ये पूर्ण गुणांची आणि दुसऱ्यात शून्याची आहे, आणि तपासणाऱ्यासमोर तसा शब्द नसेल तर दोन्ही निकाल समर्थनीय ठरतात.